अभ्रा, झबलं, चड्डी, कफ्तान: घरच्या मशीनवर पहिली शिवण

शिवण मशीनवर बिघडते असं नवशिक्याला वाटतं. बहुतेक वेळा ती त्याआधीच बिघडलेली असते: कापड न धुता कापलेलं असतं, धागा तिरका गेलेला असतो, नाहीतर प्रत्येक टिपेनंतर इस्त्री फिरवायचा कंटाळा केलेला असतो. म्हणून या लेखात मशीनपेक्षा टेबल, कात्री आणि इस्त्रीवर जास्त भर आहे. सुरुवात उशीच्या अभ्र्याने, मग नव्या बाळाचं झबलं आणि त्याच्या जोडीच्या वस्तू, मग दोन-तीन वर्षांच्या मुलाची चड्डी आणि शेवटी स्वतःसाठी घरात घालायचा कफ्तान. हा क्रम सोडू नका. अभ्र्यात सरळ टीप येते, झबल्यात गोलाई, चड्डीत नेफा (इलॅस्टिक ओवायची दुमड), कफ्तानात गळा.

मशीन आणि हत्यारं

घरात आजीची किंवा सासूबाईंची काळी पायमशीन पडून असेल तर नवी घ्यायची घाई नको. इथल्या सगळ्या कपड्यांना साधी सरळ टीप पुरते. जुन्या मशीनचा पट्टा सैल झालेला असतो आणि जुनं तेल चिकट झालेलं असतं. पट्टा बदला, दातांच्या पट्टीखालचा कापूस ब्रशने काढा, शिवणयंत्राचं तेल प्रत्येक भोकात एक-एक थेंब घाला आणि चिंधीवर पाच मिनिटं शिवून जादाचं तेल टिपून घ्या. खोबरेल तेल कधीच घालू नका, ते थोड्या दिवसांत घट्ट होऊन मशीन जड चालते. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये मशीनखाली जुनी रबरी चटई घाला. आवाज खालच्या मजल्यावर जातो, आणि दुपारी दोनला तो फार जातो.

बाकी सामान थोडंच लागतं: फक्त कापडासाठी ठेवलेली आठ-नऊ इंची कात्री, मापपट्टी, खडू, काचेच्या डोक्याच्या टाचण्या, उसवण्यासाठी सीम रिपर, हातसुया, चांगला पॉलिस्टर दोरा, पाच-सहा बॉबिन, म्हणजे खालचा दोरा गुंडाळायच्या छोट्या रिळी. कागद कापायची कात्री वेगळी. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण एकदा त्या कात्रीने पुठ्ठा कापला की मलमल तिच्यात दुमडून अडकते.

सुई कापडाप्रमाणे. मलमल आणि वायलला ११ नंबर, पॉपलीन, केम्ब्रिक, रुबियाला १४, जीन्स आणि कॅनव्हासला १६. होजियरीला गोल टोकाची वेगळी सुई मिळते. साध्या सुईने होजियरी शिवली की टाके सुटतात आणि बारीक भोकं पडतात. सुईला एका बाजूने लांब खोबण असते. दोरा नेहमी त्या खोबणीच्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली तर मशीन चालते, पण टाका पडत नाही, आणि मग माणूस तासभर टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारी, चकती फिरवत बसतो. साधारण आठ तास शिवलं की सुई बदला.

कापडाला हात लावण्याआधी रेघांच्या वहीचा कागद घ्या, दोरा न ओवता जुन्या सुईने रेघांवरून शिवा. भोकं रेघेवर पडायला लागली की चौकोन काढून कोपरे वळवा: सुई कागदात खाली, दाबपाय वर, कागद फिरवा, दाबपाय खाली. पायमशीनवर चाक नेहमी स्वतःकडे फिरलं पाहिजे. उलटं फिरलं की दोरा तुटतो. हे पायाला कळायला दोन-तीन दिवस लागतात, त्यात लाज नाही.

गोंधळ झाला की आधी हे बघा

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला तर दोष बॉबिनचा वाटतो. असतो बहुतेकदा वरच्या दोऱ्याचा. दाबपाय खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. सगळा दोरा काढा, दाबपाय वर करा, पुन्हा ओवा. वरचा दोरा खालच्या बाजूला सैल दिसतो तेव्हा वरचं टेन्शन वाढवा. बॉबिनचा दोरा वर ओढला जातो तेव्हा कमी करा. दोन रंगांचे दोरे लावून चिंधीवर शिवलं की हे लगेच दिसतं.

मलमल शिवायला घेतली की पहिल्याच टाक्याला ती सुईच्या भोकात ओढली जाते. उपाय सोपा: दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, टीप काठापासून थोडी आत सुरू करा, किंवा खाली वर्तमानपत्राची पट्टी घालून शिवा आणि नंतर फाडून टाका. टाक्याची लांबी मलमलला २ मिलिमीटर, बाकी सुती कापडाला अडीच, चुण्यांसाठी ४. जुन्या मशीनवर एका इंचात दहा-बारा टाके मोजून घ्या.

कापड

ठाण्यात स्टेशन ते जांभळी नाका या पट्ट्यात, आणि वाशी, नेरूळ, बेलापूरच्या बाजारांत मॅचिंग सेंटर सापडतातच. रुबिया, अस्तर, दोरा, इलॅस्टिक, टिचबटणं तिथे एका जागी मिळतात. पाच-सहा कपड्यांचं कापड एकदम घ्यायचं असेल तर उल्हासनगर किंवा मुंबईतलं मंगळदास मार्केट. एका झबल्यासाठी तिथवर जाऊ नका.

दुकानात पहिला प्रश्न पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, विचारा. ३६ आणि ४४ इंच हे नेहमीचे, काही कापडं ५८ इंची येतात. खालची सगळी मापं पन्हा धरूनच दिली आहेत. पन्हा न विचारता मीटर सांगितले तर कापड उरेल किंवा नेमकं बाहीपुरतं कमी पडेल. सुती कापड धुतल्यावर आटतं, मलमल जास्तच, म्हणून दर मीटरला १० सेंटिमीटर जादा घ्या.

घरी आणल्यावर कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. खळ निघते आणि आटायचं ते आटून जातं. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळासाठी वापरू नका. किंचित ओलं असतानाच उभ्या-आडव्या धाग्यात इस्त्री करा. मग काठाजवळ छोटी चीर देऊन एक आडवा धागा ओढा. त्याची जी रेघ दिसेल तिच्यावर कापा. दुकानदाराने फाडलेला किंवा कापलेला काठ सरळ असतोच असं नाही. तिरक्या धाग्यात कापलेली चड्डी दोन धुण्यांनंतर पायाभोवती फिरते आणि दोष शिवणीला जातो.

पहिला अभ्रा

१७ बाय २७ इंची उशीसाठी १८ इंच रुंद आणि ६३ इंच लांब पट्टी लागते. ३६ पन्ह्यात दोन अभ्रे बसतात, पावणेदोन मीटर घ्या. दोन्ही अरुंद टोकांना एक-एक इंच दुमडून टीप मारा. पट्टी सुलट बाजू वर ठेवून टेबलावर पसरा. एका टोकापासून ३४ इंच मोजून खूण करा. यातले २७ इंच अभ्र्याची खालची बाजू, उरलेले ७ इंच आत जाणारी झडप. आता आधी खुणेपलीकडचा लांब भाग खुणेवर आत दुमडा, म्हणजे सुलटावर सुलट येईल. मग ७ इंची झडप तिच्यावर दुमडा. दोन्ही लांब कडा अर्धा इंच आत टीप मारून शिवा आणि उलटा. दुमडण्याचा क्रम चुकला तर झडप आत जाण्याऐवजी बाहेर लोंबते. प्रत्येक जण एकदा चुकतोच, उसवा आणि पुन्हा शिवा. रिपर वापरायची सवयही त्यातून होते.

झबलं

हा लेख खरा इथे सुरू होतो. पहिल्या एक-दोन महिन्यांचं झबलं समोरून उघडं आणि बंदांचं असावं. डोक्यातून घालायचं झबलं मान न धरणाऱ्या बाळाला घालताना आईचीही परीक्षा होते. काही घरांत बाळ जन्मायच्या आधी काही शिवत नाहीत. तसं असेल तर कापड धुऊन, इस्त्री करून, कागदाचा नमुना कापून ठेवा. बाळ घरी आलं की बारशाच्या आत तीन-चार झबली सहज होतात.

नवजात बाळाची छाती साधारण १३ इंच असते. झबल्याचा घेर २० इंच ठेवला की हात घालताना ओढाताण होत नाही. कापड: मलमल किंवा मऊ वायल, ३६ पन्ह्याचं ७५ सेंटिमीटर. त्यात दोन झबली आणि त्यांचे बंद निघतात.

एका झबल्याला २४ इंच लांब, १८ इंच रुंद तुकडा कापा. आधी लांबीत दुमडा म्हणजे १२ इंच होईल, ही घडी खांद्याची. मग रुंदीत दुमडा, ९ इंच होईल, ही घडी मधली. चार थर झाले. जिथे दोन्ही घड्या मिळतात तो कोपरा गळ्याचा. चित्रांचं कापड असेल तर आधीच लक्षात घ्या: खांद्याला जोड नाही, त्यामुळे पुढचे हत्ती सरळ असले तर पाठीवरचे उलटे येणार. बारीक ठिपके किंवा फुलं घेतली की हा प्रश्नच येत नाही.

गळ्याच्या कोपऱ्यापासून खांद्याच्या घडीवर पावणेदोन इंचांवर खूण, मधल्या घडीवर अर्ध्या इंचावर खूण. या दोन खुणा गोलाईने जोडून चारही थर कापा. हा मागचा गळा. आता कापड उघडा, फक्त पुढचा भाग पुन्हा दुमडा आणि त्याचा गळा पावणेदोन इंच खोल करा. नवशिके इथेच चारही थर खोल कापतात आणि झबलं पाठीवरून घसरत राहतं. गळा आधी लहान कापा. मोठा कधीही करता येतो, लहान करता येत नाही.

बाहीसाठी पुन्हा चार थर एकावर एक बसवा. मधल्या घडीपासून साडेआठ इंचांवर बाहीचं टोक, तिथून खाली ४ इंच बाहीची रुंदी. काखेची जागा मधल्या घडीपासून साडेपाच इंचांवर, खांद्यापासून साडेचार इंच खाली. तळाला साडेसहा इंच. बाही आणि अंग काखेत कोन करून जोडू नका. तिथे आमटीच्या वाटीच्या काठाने गोलाई काढा. बारीक गोलाईत शिवण ताणली जाते आणि काख चुरगळलेली राहते. मग फक्त पुढच्या थराची मधली घडी वरपासून खालपर्यंत कापून उघडी करा. मागच्या थराखाली हात घालून खात्री करा आणि मगच कात्री चालवा.

आता शिवणीचा क्रम, आणि तो बदलू नका. बाहीचं टोक आधी, कापड सपाट असतानाच, पाव इंच आणि पुन्हा पाव इंच दुमडून शिवून घ्या. बाजू शिवल्यावर बाहीची नळी इतकी लहान होते की ती दाबपायाखाली फिरत नाही. बाजूंना दुहेरी शिवण घाला. सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर पहिली टीप, काठ निम्मा कापून बारीक करा, इस्त्री, मग उलटून काठाचे धागे आत बंद होतील अशी दुसरी टीप पाव इंचाहून किंचित जास्त. आत कुठेही सुटा धागा दिसता कामा नये. सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती किंवा पायाच्या अंगठ्याभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडतं आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. हा सोस नव्हे, याच कारणासाठी ही शिवण आहे.

पुढच्या दोन्ही उघड्या कडा पाव-पाव इंच दुमडून शिवा. गळ्याला उरेब पट्टी, टेलर जिला क्रॉसपट्टी म्हणतात. कापडाच्या ४५ अंशांच्या तिरप्या रेघेत सव्वा इंच रुंद पट्टी कापा. गळ्याचा घेर साधारण साडेनऊ इंच, पण पट्टी अकरा इंच घ्या, टोकं दुमडायला लागतात. पट्टी सुलटीवर पाव इंचावर टीपून घ्या, लावताना गोलाईवर पट्टी अगदी हलकी ओढा, कापड ओढू नका. गळ्याच्या काठाला अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक चिरा द्या, टिपेपर्यंत पोचू नका. पट्टी उलटीकडे वळवून पुन्हा दुमडा आणि हातानेच तुरपा. मशीनची दुसरी टीप इथे कडक लागते. उरेबऐवजी सरळ धाग्यातली पट्टी लावली तर गळा वाटीसारखा उभा राहतो. ते मग इस्त्रीनेही बसत नाही.

बंद चार. एक इंच रुंद, साडेपाच इंच लांब पट्ट्या चौपदरी दुमडून शिवा. पहिली जोडी गळ्याच्या खाली एक इंचावर, दुसरी पाच इंचांवर. गळ्याच्या अगदी टोकाला बंद लावू नका आणि लांब ठेवू नका. लावल्यावर जोर लावून ओढून बघा. टिकल्या, मोती, गोल बटणं या वयाच्या कपड्यांवर नकोतच. हौस असेल तर बारशाच्या कुंचीवर करा, आणि फोटो झाला की काढून ठेवा. तळ सगळ्यात शेवटी दुमडा.

त्याच्या जोडीच्या वस्तू

टोपड्याला १३ बाय साडेसहा इंचांचा तुकडा. तेरा इंचांची एक लांब कड अर्धा इंच दुमडून शिवा, ही तोंडाकडची. तुकडा मध्ये दुमडून चौकोन करा आणि दुसरी लांब कड, म्हणजे मागची, दुहेरी शिवणीने जोडा. घडीच्या बाजूचा मागचा कोपरा गोल कापूनच शिवा, नाहीतर डोक्यावर टोक उभं राहतं. खालच्या कडेला उरेब पट्टी लावा आणि तीच दोन्हीकडे पाच-पाच इंच पुढे काढून बंद करा. टोपडं बाहेर जाताना आणि तेलमालिश-आंघोळीनंतर थोडा वेळ. ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये त्याची गरज नाही. बाळाला झोपवताना टोपडं, मोहरीची उशी आणि सुटी जाड गोधडी नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. शिवायला आवडते म्हणून उशी शिवू नका.

लंगोट शिवण्यात वेळ घालवू नका. जुन्या सुती साडीचे किंवा मलमलीचे १८ इंची चौकोन कापा, कडा दुमडून शिवा, तिकोनी घडी करून बांधा. ३६ पन्ह्याच्या एका मीटरमध्ये चार होतात. पावसाळी बाळाला मात्र दोन डझन तरी हवेत, कारण जुलैत कापड दोन दिवस वाळत नाही.

दुपटं ३६ बाय ३६ इंच, दोन थरांचं. वरचं नवं मलमल आणि खालची जुनी साडी अशी जोडी करत असाल तर दोन्ही आधी धुतलेलं हवं. एक थर आटतो, दुसरा नाही, आणि दुपट्याला फुगे येतात. सुलटावर सुलट ठेवा, मध्यापासून बाहेरच्या दिशेने टाचण्या लावा, अर्ध्या इंचावर चारही बाजूंनी शिवा, एका बाजूला पाच इंच उघडं सोडा. कोपऱ्यांचं जादा कापड तिरकं छाटून टाका, उलटा, पेन्सिलच्या मागच्या टोकाने कोपरे हळूच बाहेर काढा, इस्त्री करा, उघडा भाग तुरपून चारही बाजूंनी काठालगत टीप मारा. मग हाताने धावदोरा, दोन-दोन इंचांच्या अंतराने. काम संपल्यावर टाचण्या मोजा. लावताना वीस होत्या तर काढताना वीसच हव्यात.

मुलाची चड्डी

मुलाचं माप घेण्यापेक्षा त्याला नीट बसणारी जुनी चड्डी घ्या. ४४ पन्ह्याचं अर्धा मीटर कापड पुरतं. जुनी चड्डी मध्ये दुमडा, इलॅस्टिक पूर्ण ताणून धरा आणि कागदावर पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा गिरवा. मागचा भाग सीटकडे पुढच्यापेक्षा पाऊण इंच उंच असतो. दोन्ही सारखे कापले तर मूल खाली बसलं की चड्डी मागून खाली ओढली जाते. चारही बाजूंनी अर्धा इंच शिवण, कमरेला सव्वा इंच नेफ्यासाठी, पायाला दोन इंच. पायातली दुमड मोठी ठेवा, वर्षभराने उसवून लांब करता येते.

कापड दुहेरी दुमडूनच कापा. एकेक तुकडा एकाच बाजूने ठेवून कापला तर दोन्ही पाय डावे होतात, आणि ते शिवायला घेईपर्यंत लक्षातही येत नाही. प्रत्येक पायाची बाहेरची आणि आतली शिवण पूर्ण करा. मग एक पाय सुलट, दुसरा उलट ठेवून सुलट पाय उलट्यात घाला आणि सीटची गोलाई एका दमात शिवा. या टिपेवर दुसरी टीप मारा, सगळा ताण इथे येतो. गोलाईला चिरा द्या.

नेफा: पाऊण इंची इलॅस्टिकसाठी आधी पाव इंच, मग एक इंच दुमडा, मागे दोन इंच उघडं सोडून शिवा. इलॅस्टिकची लांबी मुलाच्या कमरेपेक्षा दोन इंच कमी. सेफ्टी पिनने ओवा. दुसरं टोक आत निघून जाऊ नये म्हणून त्याला टाचणी लावून ठेवा. टोकं एक इंच एकमेकांवर ठेवून चौकोनी टीप मारा, आधी पीळ पडला आहे का ते बोटांनी चाचपून. नेफा बंद केल्यावर बाजूच्या शिवणींवर उभी टीप मारली की इलॅस्टिक धुताना पीळ खात नाही.

स्वतःसाठी कफ्तान

अंगावर पाजणाऱ्या आईला आणि एरवी कुणालाही हा सोयीचा. ४४ पन्ह्याचं अडीच मीटर केम्ब्रिक किंवा मऊ सुती. ९२ इंच लांब तुकडा खांद्यावर दुमडा म्हणजे उंची ४६ इंच. पन्ह्याचे दोन्ही काठ बाहीच्या टोकाला येतात. काठ मुळातच उसवत नाही, म्हणून तिथे दुमडायचं काम वाचतं. रंगीत काठाचं कापड असेल तर दिसायलाही छान.

गळा: मध्यापासून दोन्हीकडे तीन-तीन इंच, पुढे तीन इंच खोल, मागे एक. त्याखाली समोर ९ इंचांची उभी चीर, पण ती आधी कापायची नाही. ४ बाय ११ इंचांची पट्टी गळ्याच्या मध्याखाली सुलटावर सुलट ठेवा, मधली रेघ खडूने आखा, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावरून खाली निमुळती होत जाणारी टीप मारा. टोकाला एक आडवा टाका घेऊन परत वर या. मग मधोमध कापत टोकापर्यंत, शेवटच्या टाक्याच्या एक धागा अलीकडे थांबा. टाका कापला तर चीर फाटत जाते, लांबच थांबलात तर टोकाला सुरकुती राहते. पट्टी आत वळवा, इस्त्री, काठालगत टीप. त्यानंतर गळ्याला उरेब पट्टी, झबल्यासारखीच. बंद करायला ब्लाउजचे दोन हुक आणि समोर दोऱ्याची काजं पुरतात.

अंगाची शिवण: छातीच्या घेराचा चौथा भाग अधिक ३ इंच. छाती ३६ असेल तर मध्यापासून १२ इंचांवर. खांद्यापासून ११ इंच खाली सुरू करून तळाच्या वर १२ इंच थांबा, चालायला चीर हवी. दोन्ही टोकांना छोटा त्रिकोण शिवून पक्कं करा. बाहीकडचं टोक हात वर करताना आधी उसवतं.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर ही सगळी तयारी दमट हवेशी झगडत करायची असते. टाचण्या आणि सुया डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवा. धुतलेलं कापड इस्त्रीनेच पूर्ण कोरडं करा, अर्धओलं घडी घालून ठेवलं तर काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. मशीनवर झाकण घाला, पण खिडकीजवळून हलवा. महिनाभर चालवली नसेल तर आधी पांढऱ्या चिंधीवर शिवून बघा, तेलाचा डाग नव्या झबल्यावर नको. टाचणी लावून कापड दोन दिवस सोडलं आणि गंजाचा डाग पडला, तर पांढऱ्या सुतीवर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, ऊन निघालं तर.